ताई धावते, मग मी का नाही?

भावंडांची तुलना आपल्याकडे घरोघरी चालते. "बघ, दादाला गणितात किती मार्क पडले," "ताई तुझ्या वयाची होती तेव्हा अख्खा स्वयंपाक करायची," ही वाक्यं ऐकत ज्याचं बालपण गेलं नाही, असं धाकटं भावंड शोधूनही सापडायचं नाही. या तुलनेनं कुणाचं भलं झाल्याचं मात्र ऐकिवात नाही. उलट धाकट्याच्या मनात थोरल्याविषयी जी अढी बसते, ती पुढे लग्नकार्यातल्या मानपानापर्यंत टिकते.

पण एक गंमत आहे. आईवडिलांनी एका शब्दानं न सुचवता, कुणी टोमणा न मारता, धाकटं भावंड थोरल्याकडे बघून आपणहून पहाटे उठतं, असंही एक क्षेत्र आहे. लांब पल्ल्याचं धावणं, सायकल चालवणं, तासन् तास पोहणं, थोडक्यात ज्यांना दमसासाचे खेळ म्हणता येईल ते खेळ. आपल्या गावातल्या मैदानावर सकाळी धावणाऱ्या चारचौघांना सहज विचारून पाहा, हे खूळ डोक्यात कसं शिरलं म्हणून. कुणी डॉक्टरांचं नाव घेईल, कुणी वाढलेल्या पोटाचं. पण "भावाचं बघून", "बहीण जायला लागली म्हणून" हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की त्यावर विचार करावासा वाटला.

टीव्हीवर ऑलिंपिकची शर्यत बघताना आपण टाळ्या वाजवतो आणि सोफ्यावरच बसून राहतो. ती माणसं वेगळ्याच मातीची आहेत, अशी समजूत करून घेता येते. बहिणीच्या बाबतीत ही सोय नसते. तिच्या आणि आपल्या ताटात एकाच पातेल्यातली आमटी पडलेली असते. दोन जिने चढताना तिला धाप लागायची, हे आपण पाहिलेलं असतं. तीच बहीण एक दिवस दहा किलोमीटर धावून येते आणि काही झालंच नाही अशा थाटात चहात बिस्किट बुडवते. मग आपल्याजवळ सबब उरत नाही. "मला जमायचं नाही" हे वाक्य तिच्यासमोर उच्चारायची चोरी होते.

या प्रकाराचं जगातलं सर्वात ठळक उदाहरण बघायचं, तर इथिओपियात जावं लागेल. राजधानी आदिस अबाबाच्या दक्षिणेला अर्सी भागात बेकोजी नावाचं एक गाव आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे २,८०० मीटर. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर आहे, म्हणजे बेकोजीची मुलं कळसूबाईच्याही हजार मीटरहून अधिक वर शाळेत जातात. भोवती शेती आणि गुरं. जेवणात टेफ या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची इंजेरा, म्हणजे आपल्या आंबोळीची चुलत बहीणच म्हणा ना! हवा विरळ असल्यानं तिथल्या माणसांचं शरीर रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवून प्राणवायूची तूट भरून काढतं, आणि धावताना ती शिदोरी कामी येते.

या गावच्या परिसरातली देरार्तू टुलू १९९२ साली बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरची शर्यत जिंकली. ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय आफ्रिकी स्त्री. महिलांना ऑलिंपिकमध्ये हे अंतर धावायला मिळू लागलं तेच मुळी १९८८ पासून; त्याआधी बायकांना इतकं झेपणार नाही, अशी शहाण्यासुरत्या मंडळींची खात्री होती. देरार्तूची नात्यातली बहीण एजेगायेहू डिबाबा तिच्या मागोमाग धावू लागली आणि आदिस अबाबाला आली. २००० साली एजेगायेहूची सख्खी धाकटी बहीण तिरुनेश तिच्याकडे राहायला आली, ती शिकायला म्हणून. पण शाळेत नाव घालायची मुदत टळून गेली होती. आता वर्षभर करायचं काय? गावी परत जायचं की इथेच थांबायचं? थोरली बहीण रोज सरावाला जात होतीच. धाकटीही तिच्या मागोमाग जाऊ लागली.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर असा. २००३ साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत तिरुनेशनं पाच हजार मीटरचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा ती अवघी अठरा वर्षांची होती. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरला एजेगायेहूला रौप्य आणि देरार्तूला कांस्य मिळालं, आणि पाच हजार मीटरला तिरुनेशला कांस्य. एकाच नात्यागोत्यात एका ऑलिंपिकची तीन पदकं! २००८ साली बीजिंगला तिरुनेशनं पाच आणि दहा हजार मीटरची दोन्ही सुवर्णपदकं उचलली.

मला मात्र या साऱ्यात २००५ सालची हेलसिंकीची जागतिक स्पर्धा फार बोलकी वाटते. तिथे तिरुनेशनं पाच हजार आणि दहा हजार मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या, आणि दोन्ही शर्यतींत तिसरी आली ती एजेगायेहू. जिच्या घरी राहून, जिच्यामागे धावून धाकटी शिकली, तिनं दोन्ही वेळा धाकटीची पाठ बघत शर्यत संपवली. आपल्याकडे धाकटीचं लग्न थोरलीच्या आधी ठरलं तरी घरात सुतकी कळा येते. इथे थोरलीनं कांस्यपदक गळ्यात घालून धाकटीशेजारी उभं राहायचं होतं. तिच्या मनात काय होतं ते तिचं तिला ठाऊक. पण ती धावायची थांबली नाही, एवढं मात्र खरं.

आणि त्यांच्या पाठची गेंझेबे? दोन थोरल्या बहिणी इतक्या नावाजलेल्या असताना तिसरीनं काय करावं? तिनं धावण्याची वाट बहिणींचीच धरली, पण तिची खरी चमक दिसली ती आखूड अंतरावर. १,५०० मीटरला. २०१५ साली मोनॅकोमध्ये तिनं हे अंतर ३ मिनिटं ५०.०७ सेकंदांत कापलं आणि १९९३ पासून कुणाला न हललेला विश्वविक्रम मोडला. तिचा हा विक्रम पुढे २०२३ पर्यंत टिकला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिला १,५०० मीटरचं रौप्य मिळालं, आणि त्याच ऑलिंपिकमध्ये तिरुनेशनं, एका मुलाची आई झाल्यावर परतून, दहा हजार मीटरचं कांस्य मिळवलं.

बेकोजीचीच आणखी एक जोडी आहे, भावांची. केनेनिसा बेकेले हा २००४ आणि २००८ असा दोनदा दहा हजार मीटरचा ऑलिंपिकविजेता. २०१२ मध्ये लंडनला त्याच शर्यतीत त्याचा धाकटा भाऊ तारिकू तिसरा आला आणि केनेनिसा चौथा! त्या रात्री त्यांच्या आईला आनंद झाला असेल की वाईट वाटलं असेल, हे कोणत्याही दोन मुलांच्या आईला विचारा.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं रक्तातलं असणार. आमच्या घराण्यात कुणी बस पकडायलाही धावलेलं नाही, आमचं काय? या शंकेला शास्त्राचं उत्तर आहे आणि ते मोठं मनोरंजक आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात 'हेरिटेज' नावाचा एक अभ्यास केला. ९८ कुटुंबांतली ४८१ माणसं घेतली. आईवडील आणि त्यांची मोठी झालेली मुलं, सगळी बैठ्या सवयीची. सर्वांना वीस आठवडे, आठवड्यातून तीनदा, एकाच जागी उभ्या असलेल्या सायकलवर एकसारखा व्यायाम दिला. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, हे आधी आणि नंतर मोजलं. दमसासाचं खरं माप तेच. सरासरीनं सुधारणा चांगली झाली, पण माणसामाणसांत फरक प्रचंड निघाला. कुणात जेमतेम काही घडलं, कुणाचा दम कितीतरी वाढला. मग संशोधकांनी कुटुंबवार आकडे मांडले. तेव्हा दिसलं, की दोन वेगवेगळ्या कुटुंबांमधला फरक हा एकाच कुटुंबातल्या माणसांमधल्या फरकाच्या अडीच पट आहे. म्हणजे व्यायामाला शरीर कसा प्रतिसाद देतं, यात घराण्याचा वाटा बराच मोठा.

यातून भावंडांसाठी निघणारा अर्थ सरळ आहे. तुमच्या ताईचा दम चार महिन्यांत वाढला असेल, तर तुमचाही वाढण्याची आशा शेजारणीकडे बघून धरण्यापेक्षा जास्त आधारानं धरता येईल. घराण्यात आजवर कुणी धावलं नाही, याला काही अर्थ नाही. कुणी धावून बघितलंच नव्हतं! मात्र त्याच अभ्यासात हेही आहे, की एकाच घरातली माणसंही अगदी सारखी निघाली नाहीत. ताईला सहा महिन्यांत जे साधलं ते तुम्हाला दीड वर्षानं साधेल, किंवा तीन महिन्यांत.

इथेच खरी मेख आहे. थोरल्याकडे बघून सुरुवात करणं सोपं. नंतर त्याच्याच वेगानं जाण्याचा मोह फार वाईट.

इंग्लंडमधल्या लीड्स शहराचे ब्राउनली बंधू या मोहाच्या दोन्ही बाजू दाखवतात. खेळ ट्रायथलॉन. आधी दीड किलोमीटर पोहायचं, मग चाळीस किलोमीटर सायकल, मग दहा किलोमीटर धावायचं. अ‍ॅलिस्टर थोरला, १९८८ चा. जोनाथन दोन वर्षांनी धाकटा. दोघांचा सराव एकत्र, चुरस बारमाही. लंडन २०१२ ला अ‍ॅलिस्टरला सुवर्ण आणि जोनाथनला कांस्य. तेही सायकलवर नियमापेक्षा आधी चढल्याबद्दल पंधरा सेकंद थांबण्याची शिक्षा भोगून. शर्यत संपताच जोनाथन उष्म्यानं कोसळला आणि पदक द्यायचा कार्यक्रम त्याच्यासाठी थोडा थांबवावा लागला. रिओ २०१६ ला पुन्हा अ‍ॅलिस्टर पहिला, जोनाथन दुसरा.

त्यानंतर महिन्याभरातच, सप्टेंबर २०१६ मध्ये, मेक्सिकोतल्या कोझुमेल इथे वर्षाची शेवटची शर्यत होती. जोनाथन आघाडीवर होता. शर्यत जिंकली असती तर त्या वर्षीचं जागतिक विजेतेपदही त्याला मिळण्याची शक्यता होती. उकाडा भयंकर होता. शेवटचे काहीशे मीटर उरले असताना त्याचे पाय एकाएकी वाकडेतिकडे पडू लागले, नजर हरवली, आणि तो रस्त्याच्या कडेला अडखळत गेला. मागून येणाऱ्या अ‍ॅलिस्टरला पुढे निघून जाता आलं असतं. त्यानं भावाचा हात आपल्या खांद्यावर घेतला, त्याला जवळजवळ ओढत रेषेपर्यंत आणलं, आणि स्वतःच्या आधी त्याला रेषेपार ढकललं. तोवर दक्षिण आफ्रिकेचा हेन्री शूमन पहिला येऊन गेला होता. जोनाथन दुसरा, अ‍ॅलिस्टर तिसरा. विजेतेपद अवघ्या चार गुणांनी स्पेनच्या मारिओ मोलाकडे गेलं.

हे दृश्य जगभर दाखवलं गेलं आणि लोकांचे डोळे पाणावले. पाणावणारच. पण भावाच्या प्रेमाचं कौतुक करून झाल्यावर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या दिवशी जे घडलं ते उष्णतेचा तडाखा होता, आणि उष्णतेचा तडाखा जीव घेऊ शकतो. ज्यांना जगातली उत्तम देखरेख आणि डॉक्टर हाताशी असतात, त्यांचीही ही गत होते. एप्रिल-मेच्या दिवसांत सकाळी नऊला, दादाला गाठायचंच म्हणून ऊर फुटेस्तोवर धावणाऱ्या आपल्या हौशी मंडळींनी हे दृश्य त्या नजरेनं बघावं. पुढे या खेळाचे नियमही बदलले. अशा तऱ्हेनं दुसऱ्या खेळाडूला हातानं पुढे नेण्याची मुभा राहिली नाही.

जोनाथनचं पुढे काय झालं? टोकियोचं ऑलिंपिक साथीमुळे २०२१ मध्ये भरलं. अ‍ॅलिस्टर त्यात नव्हता. तिथे चौघांच्या मिश्र रिलेमध्ये जोनाथनला आयुष्यातलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळालं. भाऊ शर्यतीत नसताना!

भावंडं एकमेकांविरुद्ध न धावता एकाच बाजूनं उतरली, तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या नाशिकचं आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे सख्खे भाऊ. एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइडपासून पूर्व किनाऱ्यावरच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत जायची. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. वाटेत वाळवंट, रॉकी पर्वत, मैलोन् मैल वाऱ्याची मैदानं. दोघांच्या संघाला मुदत नऊ दिवसांची. २०१५ साली या दोघांनी ती मुदतीच्या आत, साडेआठ दिवसांहून थोड्या अधिक वेळात पूर्ण केली. ही शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. दोघांच्या संघात एक जण सायकलवर असताना दुसरा मागच्या गाडीत चार घास खातो, डोळा लागला तर लागतो, आणि हाक आली की उठून खोगिरावर बसतो. दिवसरात्र, आठ दिवस. अर्ध्या झोपेतून उठवल्यावर न चिडता कामाला लागणारं माणूस कुठे मिळतं? लहानपणी एका खोलीत झोपलेल्यांतच मिळण्याची शक्यता अधिक. घरातलं हे वारं पुढच्या पिढीलाही लागलं. डॉ. हितेंद्र यांचा मुलगा ओम सतरा वर्षांचा असताना, २०२० मध्ये, श्रीनगर ते कन्याकुमारी हे अंतर आठ दिवस आणि काही तासांत सायकलवरून गेला.

ही झाली मोठ्या माणसांची कथा. आपल्या घरात मात्र या प्रेरणेला एक वेगळीच अडचण येते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. दादा पहाटे धावायला लागला की घरात त्याच्यासाठी केळी येतात, भिजवलेले बदाम सोलले जातात, "झोपू दे त्याला, रविवारी तीस किलोमीटर धावून आलाय" म्हणून दुपारी मुलांना गप्प केलं जातं. ताई धावायला लागली की पहिला प्रश्न, "डब्याचं काय?"

माझी थोरली बहीण इंदूरला असते. एकत्र कुटुंब, नोकरी, दोन मुलं. चाळिशी उलटल्यावर ती धावायला लागली. पहिले काही आठवडे घरात जो विषय गाजला तो तिच्या तब्येतीचा नव्हता, दुधाचा होता. साडेपाचला दूधवाला येतो, पातेलं घेऊन दाराशी कोण जाणार? ताई भांडली नाही. रात्रीच कणीक मळून ठेवू लागली. मग हळूहळू भाजी चिरायचं काम भावोजींकडे गेलं, आणि दूध सासऱ्यांकडे. आज तेच सासरे दूधवाल्यापासून वाण्यापर्यंत सगळ्यांना "आमची सून एकवीस किलोमीटर धावते" असं ऐकवत असतात. दोन वर्षांनी तिची धाकटी जाऊ धावायला लागली. तिला कुणाशी काही बोलावंच लागलं नाही. दूध, डबा, कणीक यांची व्यवस्था आधीच लागलेली होती. बेकोजीत देरार्तूनं जे करून ठेवलं ते याहून फार वेगळं होतं, असं मला वाटत नाही.

मी ताईहून सात वर्षांनी लहान. तिच्याकडे दिवाळीला गेले असताना मीही पहाटे तिच्याबरोबर मैदानावर गेले, नवे बूट घालून, मोठ्या उत्साहात. तिनं मला धावूच दिलं नाही! पाच मिनिटं झपाझप चाल, मग एक मिनिट हलकेच धाव, मग दीड मिनिट चाल. असं वीस मिनिटं. धावता धावता ती मला प्रश्न विचारत राहिली: आईचा गुडघा कसा आहे, फराळाला चकल्या कुणी केल्या. सुरुवातीला मला वाटलं, हिला गप्पांची हौस आली आहे. मग लक्षात आलं, मला उत्तर देता येतंय का हेच ती बघत होती. पुरतं वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर; शब्द तुटायला लागले की चालायचं. त्यानंतर तिनं मला सोडून दिलं आणि स्वतः आपल्या वेगानं पुढे गेली. "माझ्यामागे यायचं नाही," एवढं बजावून.

तिनं दिलेलं हे वेळापत्रक मुळात १९९६ साली जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणानं आपल्या पन्नाशीतल्या आईला धावायला लावण्यासाठी बनवलं होतं. आठवड्यातून तीन दिवस, एकूण नऊ आठवडे. शेवटी न थांबता पाच किलोमीटर किंवा अर्धा तास. आज ते जगभर वापरलं जातं. ज्यांना एखादा आठवडा जड जाईल, त्यांनी तोच आठवडा पुन्हा करावा. नऊचे पंधरा आठवडे झाले म्हणून कुणी दंड करत नाही.

आता थोडं डॉक्टरांकडे जाण्याबद्दल. भावंडांमध्ये दमसास सारखा असतो, तसं हृदयही. सख्ख्या भावाला ५५ वर्षांच्या आत किंवा सख्ख्या बहिणीला ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टर ती घराण्यातली जोखीम धरतात. वडिलांना ५५ च्या आत किंवा आईला ६५ च्या आत झाला असेल तरी तेच. अशांनी, आणि चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या, सिगारेट ओढणाऱ्या सर्वांनी, बूट विकत घेण्याआधी तपासणी करून घ्यावी. धावताना छातीत दडपल्यासारखं झालं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, चक्कर आली, तर "ताईलाही सुरुवातीला असंच व्हायचं" म्हणून पुढे रेटू नये. थांबावं, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. कळ थांबत नसेल तर थेट हॉस्पिटल.

बायकांनी आणखी एक तपासणी करावी, ती रक्ताची. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. स्नायूंपर्यंत प्राणवायू पोचवायचं काम हिमोग्लोबिन करतं. तेच कमी असेल, तर ताईइतकाच सराव करूनही आपण मागे का पडतो, याचं कोडं सुटणार नाही, आणि उगाच स्वतःला आळशी ठरवलं जाईल. रक्त सुधारलं की कित्येकींचा दमही सुधारतो. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्या.

थोरल्यांसाठीही दोन शब्द. तुमच्याकडे बघून कुणी सुरू केलं असेल, तर पहिले तीन महिने त्याला तुमचे आकडे सांगू नका. आज किती धावलीस हे विचारा, किती वेळात ते विचारू नका. आणि भाऊबीजेला ओवाळणीत साडीऐवजी एकदा बहिणीला बुटांचा चांगला जोड द्यायला हरकत नाही. पण दुकानात तिला बरोबर न्या, आणि संध्याकाळी न्या. दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी मापाला बसलेला बूट संध्याकाळी चावतो. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहिली पाहिजे.

हिवाळा हा आपल्याकडे शर्यतींचा हंगाम. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, ती भरते जानेवारीत. आता कितीतरी शहरांतून अशा शर्यती होतात, आणि बहुतेक ठिकाणी एकाच सकाळी वेगवेगळ्या अंतरांच्या शर्यती असतात. भावंडांनी नावं एकाच दिवसासाठी घालावीत, पण अंतरं वेगळी घ्यावीत. ताई एकवीस किलोमीटरला उभी राहत असेल तर धाकटीनं पाच किंवा दहाला उभं राहावं. तिचं अंतर आधी संपेल, ती कपडे बदलून मोकळी होईल, आणि ताई येईल तेव्हा शेवटच्या रेषेपाशी पाण्याची बाटली आणि सोललेलं संत्रं घेऊन उभं राहायला घरचं एक माणूस असेल.